उत्तरार्धावर रुसलेला वाचक

फ्रँक मिलरच्या 'द डार्क नाइट स्ट्राइक्स अगेन' या ग्राफिक कादंबरीबद्दल कॉमिक्स वाचणाऱ्या कोणालाही विचारा, उत्तर बहुधा एका दमात मिळते : पहिला भाग थोर, दुसरा फसला. थोडे खोलात शिरले की तक्रारींची यादी येते. चित्रे बेढब आहेत. रंग डोळ्यांना टोचतात. बॅटमॅनच्या पुस्तकात बॅटमॅन शोधावा लागतो. राजकारण ढोबळ आहे. लाडक्या पात्रांची विटंबना केली आहे. आणि शेवटी, काहीशा दुखावलेल्या सुरात : पैशांसाठीच लिहिले असणार. पुस्तक डिसेंबर २००१ ते जुलै २००२ या काळात तीन अंकांत प्रसिद्ध झाले. विक्री चांगली झाली आणि नाराजीही तेवढीच झाली. दोन दशकांनंतरही बहुसंख्य वाचकांचे मत जागचे हललेले नाही. मधल्या काळात पुस्तकाची बाजू घेणारा एक छोटा, पण चिवट गट उभा राहिला, इतकेच.

हे मत बरोबर की चूक हे ठरवण्याआधी ते नेमके कशाबद्दलचे मत आहे, हे पाहायला हवे. माझे म्हणणे असे, की दुसऱ्या भागावरच्या तक्रारी या बऱ्याच अंशी पहिल्या भागाच्या वाचनाच्या नोंदी आहेत. वाचकाने पंधरा वर्षे जे पुस्तक मनात बाळगले, ते कसे होते हे त्याच्या रागावरून कळते. त्यातल्या काही तक्रारी पानावर बोट ठेवून दाखवता येतात, आणि त्या मान्यच कराव्या लागतात. काही मात्र अशा वचनाच्या भंगाबद्दल आहेत, जे वचन पहिल्या पुस्तकाने दिलेलेच नव्हते.

ज्यांनी ही पुस्तके वाचलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. 'द डार्क नाइट रिटर्न्स' १९८६ साली चार अंकांत आले. त्यातला ब्रूस वेन पंचावन्न वर्षांचा आहे. मिशी राखून आहे, दारू पितो, आणि दहा वर्षांपूर्वी त्याने बॅटमॅनचा पोशाख उतरवून ठेवला आहे. जेसन टॉड नावाचा त्याचा तरुण साथीदार मेलेला आहे. गॉथम शहर गुंडांच्या टोळ्यांनी पोखरले आहे आणि दूरचित्रवाणीवर तज्ज्ञ मंडळी रात्रंदिवस चर्चा करत आहेत. म्हातारा बॅटमॅन परततो. कॅरी केली ही तेरा वर्षांची मुलगी आपणहून त्याची नवी रॉबिन होते. शीतयुद्ध अण्वस्त्रांपर्यंत जाऊन पोचते. राष्ट्राध्यक्षांचा आज्ञाधारक हस्तक बनलेला सुपरमॅन आणि बंडखोर बॅटमॅन यांची अखेरची झुंज होते, आणि बॅटमॅन मरतो. निदान जगाला तसे वाटते.

या पुस्तकाने वाचकांना काय दिले हे समजायचे, तर मालिकेतल्या नायकाचे आयुष्य कसे असते ते आठवावे लागेल. बॅटमॅन पहिल्यांदा १९३९ साली छापला गेला, आणि तेव्हापासून दर महिन्याला तो गुन्हेगारांच्या मागे धावतोच आहे. त्याला वय नाही. त्याचा शत्रू मरत नाही आणि जखम पुढच्या अंकापर्यंत भरून येते. मासिक कॉमिक्सचा धंदा अंत न होण्यावर चालतो. अशा नायकाला मिलरने वय दिले, दुखणारे गुडघे दिले, आणि एक शेवट दिला. वाचकांनी त्या पुस्तकाला जीव लावला तो हाणामारीपेक्षा या शेवटासाठी, असे मला वाटते. मालिकेच्या वाचकाला जे कधीच मिळत नाही, ते त्याला एकदा मिळाले होते.

त्या शेवटाला पुढचा भाग काढणे म्हणजे दिलेली वस्तू परत मागण्यासारखे आहे. वाचकाच्या रुसव्याचे मूळ इथे आहे. चित्रे आणि रंग ही नंतरची कारणे.

पण त्या शेवटाची पाने पुन्हा उघडून पाहावीत. सुपरमॅनला दफनाच्या वेळी मेलेल्या मित्राच्या छातीत ठोका ऐकू येतो, तो कॅरीकडे पाहून डोळा मिचकावतो आणि निघून जातो. अखेरच्या प्रसंगात ब्रूस वेन गुहेत उभा आहे, भोवती त्याची तरुण फौज जमली आहे, आणि पुढची लढाई चोर-दरोडेखोरांपेक्षा मोठ्या शत्रूंशी आहे असे तो सांगतो. म्हणजे मृत्यू खोटा होता, आणि लढाईचा रोख रस्त्यावरच्या गुंडावरून सत्तेकडे वळला होता. दुसरा भाग ठीक याच जागेवरून सुरू होतो : कथेतली तीन वर्षे उलटली आहेत, फौज तयार आहे, आणि लक्ष्य सरकार आहे. 'हे बॅटमॅनचे पुस्तक राहिले नाही, सरकार उलथण्याचे पुस्तक झाले' ही तक्रार दुसऱ्या भागाविरुद्ध केली जाते, तेव्हा ती खरे तर पहिल्या भागाच्या शेवटच्या पानाविरुद्ध असते. वाचकाने ते पान वाचले होते, पण लक्षात ठेवले ते त्याच्या आधीचे थडगे.

अनुवादकाला शीर्षकापाशी जरा जास्त वेळ रेंगाळायची सवय असते. 'डार्क नाइट' देवनागरीत लिहिले, की नाइट म्हणजे चिलखत घातलेला सरदार की रात्र, हे कळायला मार्ग राहत नाही. इंग्रजीत हा श्लेष कानाला कळतो, डोळ्याला कळत नाही. आपल्या लिपीत तो डोळ्यालाही होतो. ही फुकटची कमाई आहे. खरा प्रश्न पुढच्या शब्दांचा. 'रिटर्न्स'ला मराठीत 'पुनरागमन' म्हणता येते. शब्द भारदस्त आहे, त्यात वय आहे, थोडा विषादही आहे. 'स्ट्राइक्स अगेन'चे काय करायचे? 'पुन्हा प्रहार' म्हटले की जुन्या रहस्यमालेच्या पातळ, भडक मुखपृष्ठाची आठवण होते. आणि ती आठवण बरोबर आहे. इंग्रजीतही हा शब्दप्रयोग जुन्या थरारक मालिकांच्या जातीचा आहे, आणि गमतीत वापरला जातो. शीर्षकानेच सांगितले होते, की या वेळी विलापिका नाही, आज जत्रेतला तमाशा आहे. वाचक विलापिकेच्या तयारीने आला.

विनोद पहिल्या भागातही होता, आणि तो भरपूर होता. गुन्हेगारांना बॅटमॅनचे बळी ठरवणारा डॉक्टर वोल्पर हे निव्वळ व्यंगचित्र आहे. रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात त्याने जोकरला पाहुणा म्हणून आणणे, आणि तिथे सगळ्या प्रेक्षकांचा बळी जाणे, हा काळाकुट्ट विनोदच. रेगन यांच्या चेहऱ्याचे राष्ट्राध्यक्ष महायुद्धाबद्दल घरगुती गोडव्याने बोलतात. पण १९८६ नंतरच्या पंधरा वर्षांत अमेरिकी कॉमिक्समध्ये मिलरच्या पुस्तकाची नक्कल करणाऱ्यांची रीघ लागली. त्या नकलांनी त्याच्यातला पाऊस, अंधार, हाडे मोडणे आणि आवळलेले जबडे उचलले. हसणे मागे ठेवले. १९८९ च्या टिम बर्टनच्या चित्रपटानेही काळोख्या बॅटमॅनची सवय घरोघरी पोचवली. २००१ चा वाचक पहिल्या भागाकडे या सगळ्या नकलांच्या काचेतून पाहत होता. त्याच्या स्मरणातले पुस्तक कपाटातल्या पुस्तकापेक्षा अधिक गंभीर झाले होते. मूळ पुस्तकाची पोथी झाली की तिच्यातले चावट श्लोक कोणी मोठ्याने वाचत नाही, तसे.

दुसऱ्या भागात मिलरने हा विनोद सगळ्या पुस्तकभर पसरवला. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ही संगणकावर बनवलेली प्रतिमा आहे. तिच्यामागे लेक्स लूथर आणि ब्रेनिॲक बसले आहेत. सुपरमॅन, वंडर वुमन, कॅप्टन मार्व्हल हे सगळे गप्प आहेत, कारण त्यांची माणसे ओलीस आहेत. सुपरमॅनच्या ग्रहावरचे कॅन्डोर शहर तर बाटलीत बंद होऊन ब्रेनिॲकच्या हातात आहे. वाऱ्याच्या वेगाने धावणाऱ्या फ्लॅशला एका यंत्रावर घाण्याच्या बैलासारखे पळवून वीज काढली जाते. अणूएवढा होऊ शकणारा ॲटम प्रयोगशाळेच्या काचेच्या बशीत कैद आहे. कॅरी, आता सोळा वर्षांची, या साऱ्यांना एकेक करून सोडवते. कल्पना बारकाईने पाहिल्या तर त्या विलक्षण आहेत. पळणाऱ्याच्या पळण्यावर देशाचे दिवे चालतात, हे मालिकेच्या धंद्यावरचे भाष्य म्हणूनही वाचता येते : नायकाने थांबायचे नाही, तो थांबला तर अंधार.

मग एवढ्या कल्पना हाताशी असताना वाचक वैतागला का? इथे वाचकाची बाजू घ्यावी लागते.

पहिल्या भागाचे पान सोळा चौकटींच्या जाळीवर बेतलेले होते. दूरचित्रवाणीच्या पडद्यासारख्या लहान लहान चौकटी, त्यांत बोलणारी डोकी, आखडलेला वेळ. वाचकाचा श्वास त्या जाळीत कोंडायचा. मग पान उलटले, की अख्ख्या पानभर एकच चित्र : इमारतींच्या वर झेपावलेला बॅटमॅन, शेजारी कॅरी. त्या एका चित्राचे बळ आधीच्या कोंडीतून आलेले असायचे. दुसऱ्या भागात जाळी विस्कटली. पडदे वाढले, मोठे झाले, कपडे उतरवून बातम्या देणाऱ्या निवेदिका आल्या, प्रत्येक पान ओरडू लागले आणि मोठी चित्रे पानोपानी आली. सगळेच मोठे झाले की मोठेपणा उरत नाही. गोंगाटावर टीका करायची म्हणून पुस्तक स्वतः गोंगाट झाले. तमाशातही ढोलकी मध्ये थांबते, त्या थांबण्याला किंमत असते. इथे ती थांबत नाही. 'डोके दुखले' असे एखादा वाचक म्हणतो तेव्हा त्याला हसू नये. त्याने पानाच्या रचनेबद्दल एक अचूक निरीक्षण नोंदवलेले असते, फक्त समीक्षेची परिभाषा वापरलेली नसते.

रंगांचेही तसेच. १९८६ मध्ये लिन व्हार्लीने राखी, निळसर, मळके रंग वापरले. उजेड क्वचित आणि नेमक्या जागी. २००१ मध्ये तिनेच संगणकावर रंग भरले : झगझगीत जांभळे, विषारी हिरवे, मुद्दाम उघडे ठेवलेले ठिपके. या जगाचा राष्ट्राध्यक्षच पडद्यावरची प्रतिमा असेल, तर त्या जगाचा उजेड पडद्याचाच असणार, हे समर्थन पटण्यासारखे आहे. पण हेतू कळल्याने पान सुंदर होत नाही. काही पानांवर रंग रेषेच्या छातीवर बसतो आणि कोण कोणाला मारते आहे हेच दिसत नाही.

आणि रेषा. वाचक म्हणतात, मिलर चित्र काढायला विसरला. या वाक्यात एक मोठा घोटाळा दडलेला आहे. पहिल्या भागातल्या मिलरच्या पेन्सिलीवर शाई केली होती ती क्लाउस जॅन्सनने. तिची खरखरीत, तुटक, धुरकट धार हीच अनेकांच्या लेखी त्या पुस्तकाची 'मिलर शैली' होती. दुसऱ्या भागात जॅन्सन नाही. शाई मिलरचीच आहे, जाड, रांगडी, हातापायांचे पंजे हत्तीएवढे करणारी. वाचकाला फरक तत्काळ जाणवला, पण त्याचे नाव त्याने चुकीचे घेतले. त्याला जॅन्सनची उणीव भासत होती, आणि तो मिलरला दोष देत होता. मुखपृष्ठावरच्या ठळक नावाखाली दुसऱ्या हाताचे काम अदृश्य होणे ही गोष्ट अनुवादकाला चटकन दिसते, कारण ती आमच्या रोजच्या जगण्यातली आहे. एखाद्या परदेशी कादंबरीची 'भाषा' आवडली असे वाचक म्हणतो, तेव्हा ती भाषा कोणाची होती हे तो क्वचित विचारतो. पुढचे पुस्तक दुसऱ्या अनुवादकाने केले, की मग 'लेखक उतरला' म्हणतो.

ही गोष्ट पुढे जवळजवळ प्रयोगाने सिद्ध झाली. २०१५ ते २०१७ या काळात नऊ अंकांत तिसरा भाग आला. या वेळी मिलरबरोबर ब्रायन अझारेलो लेखक होता, चित्रे अँडी क्यूबर्टची, आणि शाईला पुन्हा क्लाउस जॅन्सन. कथा दुसऱ्या भागाच्याच धाग्यांची : कॅन्डोरचे लोक बाटलीतून बाहेर येतात आणि पृथ्वीवर सत्ता गाजवू पाहतात, सुपरमॅन आणि वंडर वुमनची मुलगी लारा त्यांच्या बाजूला झुकते. म्हणजे ज्या कल्पनांना २००२ मध्ये नाके मुरडली गेली, त्याच होत्या. तरी वाचकांनी तो बऱ्याच निवांतपणे स्वीकारला. पान ओळखीचे दिसत होते, रेषेला जुना खरखरीतपणा होता. या स्वीकारात मला थोडी खंत वाटते. तिसरा भाग नेटका आहे, पण त्याच्यात धोका नाही. पहिल्या भागासारखा दिसायचा तो प्रामाणिक प्रयत्न करतो, आणि मिटल्यावर मनात फारसे काही उरत नाही. दुसऱ्या भागाची पाने नकोशी वाटली तरी पुसता येत नाहीत.

पुढचा भाग आणि वाचकाचे मत यांचे भांडण कॉमिक्सने आणलेले नाही. सर्व्हान्टिसच्या 'डॉन किहोते'चा पहिला भाग १६०५ मध्ये आला. १६१४ मध्ये एका तोतयाने त्याचा खोटा दुसरा भाग छापला, आणि १६१५ मध्ये खरा दुसरा भाग आला. त्यात सान्सोन कार्रास्को हा पदवीधर तरुण डॉन किहोतेला सांगतो, की तुमच्यावरचे पुस्तक लोकांनी वाचले आहे आणि त्यांची मते अशी अशी आहेत : कोणाला पवनचक्क्यांचा प्रसंग आवडतो, कोणाला दुसरा; मधेच घुसवलेली उपकथा अनेकांना खटकली; आणि सांचोचे चोरीला गेलेले गाढव न सापडताच पुन्हा कसे आले, हे कोणाला कळलेले नाही. चुकीबद्दल वाचकांनी केलेली तक्रार कादंबरीत आली, नायकापुढे मांडली गेली, आणि तिच्यावर गप्पा झाल्या.

आपल्याकडचे उदाहरण त्याहून जुने आहे. विदर्भातल्या पद्मपूरच्या घराण्यातल्या भवभूतीने 'महावीरचरित' लिहिले आणि मग 'उत्तररामचरित'. नावातच 'उत्तर' आहे. या नाटकाच्या पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहत उभे आहेत. मागचा भाग चित्ररूपाने भिंतीवर, आणि पात्रे त्याची प्रेक्षक. शेवटच्या अंकात नाटकातले नाटक होते. सीतेचे दुःख रंगमंचावर पाहताना रामाला भान राहत नाही, आणि हे नाटक आहे याची आठवण लक्ष्मणाला करून द्यावी लागते. वाल्मीकीच्या उत्तरकांडात सीता धरणीच्या पोटात जाते. भवभूती दोघांना भेटवतो. सर्वांना पाठ असलेला शेवट त्याने बदलला. तो तरला, कारण आधीचे सगळे दुःख त्याने आपल्यापुढे पूर्ण भोगू दिले होते. चित्रे पाहायला वेळ दिला होता.

मिलरनेही आपल्या वाचकांना पुस्तकात आणले आहे. दुसऱ्या भागात तरुण मुली सुपरहिरोंचे कपडे करून गाणी गातात, त्याची फॅशन होते, पोरे मुखवटे घालून रस्त्यावर येतात. नायकांचे पुनरागमन इथे आधी पोशाखाची लाट म्हणून होते आणि मग बंड म्हणून. म्हणजे पंधरा वर्षे पहिल्या पुस्तकाची टी-शर्टे घालणारा वाचक स्वतःच या पानांवर उभा होता. त्याने स्वतःला ओळखले नाही. यात दोष वाचकाचा किती आणि लेखकाचा किती? कार्रास्कोला सर्व्हान्टिसने बोलायला लावले. त्याला मते दिली, युक्तिवाद दिले, थोडा आगाऊपणाही दिला. मिलरने आपल्या चाहत्यांना पोशाख दिले, बोलणे दिले नाही. चेष्टा झाली, संवाद झाला नाही. ज्याची चेष्टा होते त्याला उत्तर द्यायची जागा ठेवली, तर तोही हसतो. न ठेवली तर रुसतो.

डिक ग्रेसनच्या बाबतीत हे सर्वांत जास्त जाणवते. बॅटमॅनचा पहिला रॉबिन, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांचा बालमित्र. पहिल्या भागात तो नावापुरता आहे, आणि त्या अबोल्याला वजन आहे. दुसऱ्या भागाच्या शेवटी तो विकृत खुनी म्हणून उगवतो, कॅरीवर तुटून पडतो, आणि बॅटमॅन त्याला तुच्छतेने संपवतो. शिष्य आणि गुरू, टाकलेला मुलगा आणि बाप, असा हा प्रसंग. त्याला मोजकी पाने मिळाली. वाचकांचा इथला संताप मला पूर्ण रास्त वाटतो. आवडत्या पात्राला दुष्ट करू नये असा काही नियम नाही. पण ते दुष्ट का झाले हे पाहण्याइतका वेळ लेखकाने आपल्याला द्यायला हवा.

रास्त रागाबरोबर त्या काळाचाही विचार करायला हवा. पुस्तकाचे काम चालू असताना ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला. पहिला अंक दुकानात आला तेव्हा न्यू यॉर्कमधले ढिगारे अजून उपसले जात होते. पुढच्या अंकांत मेट्रोपोलिस शहर उद्ध्वस्त होते, आणि पुस्तकाच्या मध्यावर खिदळणे आणि शोक एकमेकांवर आदळतात. सरकारच्या खोटेपणावर हसणारे पुस्तक अमेरिकी वाचकाच्या हातात पडले, ते देश एकवटून शोक करत असतानाच्या महिन्यांत. सूर बिघडला असे त्या वाचकाला वाटले असेल, तर त्याचे कारण निव्वळ पुस्तकात शोधून भागणार नाही.

पुढे जो बचावपक्ष उभा राहिला, त्याचा मुख्य मुद्दा भाकिताचा आहे : बनावट राष्ट्राध्यक्ष, चोवीस तास किंचाळणारे पडदे, पोशाखी बंड, हे सगळे मिलरने आधी ओळखले. मला हा बचाव अपुरा वाटतो. भाकीत खरे ठरल्याने कादंबरी चांगली ठरत असती, तर पंचांगे वाङ्मयात मोडली असती. फ्लॅशच्या यंत्राची कल्पना आजही अंगावर येते, कारण तिच्यात थकलेल्या शरीराचे चित्र आहे. ती पुढे खरी झाली की नाही याचा तिच्या बळाशी संबंध नाही.

वाचकाचे मत म्हणजे काय, याचा एक विलक्षण नमुना याच नायकाच्या इतिहासात आहे. १९८८ साली डीसी कॉमिक्सने मासिक मालिकेतला जेसन टॉड जगावा की मरावा हे वाचकांनी दूरध्वनी करून ठरवावे असे जाहीर केले. दोन क्रमांक, छत्तीस तास, फोनमागे पन्नास सेंट. मराठी वाचकालाही कळेल असा हा निवडणुकीचा निकाल : मरावा, ५,३४३, जगावा, ५,२७१. बहात्तर मतांनी मुलगा मेला. मिलरच्या १९८६ च्या पुस्तकात तो आधीच मेलेला होता. वाचकांनी दोन वर्षांनी मत देऊन त्या भविष्याला जणू मंजुरी दिली. त्या मतमोजणीत दहा हजारांहून अधिक मते आहेत, आणि वाचन एकही नाही. का मरावा, कसा मरावा, त्याच्या मरणाने बापाचे काय होईल, हे सांगायला त्या तारेवर जागा नव्हती.

त्याच कंपनीच्या अंकांत मागच्या पानांवर वाचकांची पत्रेही छापली जात. तिथे वाचक लिहायचा, की अमुक पानावर अमुक चौकट का आहे, तमुक पात्र मागच्या अंकात असे बोलले होते. संपादक उत्तर द्यायचा, कधी कबुली, कधी कोपरखळी. दुसऱ्या भागाचा शेवटचा अंक आला त्या २००२ सालाच्या सुमारास डीसीने ती पत्रांची पाने बंद केली. मत देण्याची साधने तेव्हापासून शेकड्यांनी वाढली. पण बरीचशी त्या दूरध्वनीच्या जातीची आहेत : जगावा की मरावा, आवडले की नाही, पाचपैकी किती तारे.

हा फरक कॉमिक्सपुरता नाही. आपल्या भाषांतही पुढचे भाग निघतात, गाजलेल्या कादंबऱ्यांचे नवे अनुवाद होतात, नाटके नव्याने उभी राहतात. 'पहिल्यासारखे नाही' हे वाक्य प्रत्येकाच्या वाट्याला येते. हे वाक्य ऐकून प्रकाशक दोन गोष्टी करू शकतो. पहिल्यासारखे दिसणारे काहीतरी पुन्हा करून घेऊ शकतो. तिसरा भाग त्या वाटेने निघाला, आणि त्याला सौम्य टाळ्या मिळाल्या. किंवा तो विचारू शकतो, की पहिल्यातले नेमके काय नाही? तेव्हा उत्तरे येतात : शाईची धार नाही, चौकटींची कोंडी नाही, डिकच्या दुःखाला पाने नाहीत. ही उत्तरे लेखकाच्या, चित्रकाराच्या, अनुवादकाच्या कामाची आहेत. 'फसला' हा शब्द कोणाच्याच कामाचा नाही.

'द डार्क नाइट स्ट्राइक्स अगेन' हे अर्धे उधळलेले, उर्मट आणि अधूनमधून तेजस्वी पुस्तक आहे. पहिल्या भागाशेजारी ते उभे राहू शकत नाही, पण पहिला भाग पुन्हा वाचायला ते भाग पाडते, आणि पुन्हा वाचल्यावर तो आधीइतका गंभीर, आधीइतका पूर्ण वाटत नाही. थडग्याच्या पुढचे पान दिसू लागते. रुसलेल्या वाचकाने तेवढे एक पान उलटून पाहावे, आणि मग त्याला जे म्हणायचे ते पानाचा आकडा देऊन म्हणावे.